कूलंट सारखं नासतंय, काय करू?

प्रश्न : सर, उद्यमबागेत माझं छोटं मशीन शॉप हाय, दोन सीएनसी लेथ आणि एक व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारी कटिंगची मशीनं), फौंड्रीतनं येणाऱ्या कास्टिंगचं जॉबवर्क करतो. कूलंट (कटिंग करताना थंडाव्याला सोडायचं तेल-पाण्याचं मिक्स) महिना-दीड महिन्यात नासायलंय, सुट्टीनंतर शटर उघडलं की नाक धरूनच आत जायचं, पोरांच्या हातांना खाज पण सुटायल्या. सप्लायर म्हणतोय जंतू मारायचं औषध टाका. रिसायकलिंग मशीन घेऊ काय?
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : मशीन आत्ताच घेऊ नका. टाकीत वाकून बघा, वर काळपट तेलाचा थर दिसेल. ते कूलंट नव्हे, स्लाइडवेचं (मशीनचे भाग ज्यावर सरकतात त्या पट्ट्यांचं) आणि हायड्रॉलिकचं तेल गळून आलेलं असतंय, सुट्टीत मशीन बंद राहिली की ह्या थरामुळं खाली हवा जात नाही आणि बिनहवेचे जंतू वाढतात, सडक्या अंड्यासारखा वास त्यांचाच. औषधानं जंतू मरतील, पण थर तसाच ठेवला तर परत हायतच, आणि डोस वाढवला की पोरांचे हात आणखीन खाजणार. आधी गळती काढा आणि एक बेल्ट स्किमर (वरचं तेल पट्ट्यानं ओढून काढणारं यंत्र) लावा.

आत्ताचं कूलंट मात्र वाचवत बसू नका. टाकी खरवडून, क्लीनरनं धुऊनच नवीन भरा, बिडाचा काळा गाळ तळाला राहिला तर नवं पण लगेच नासतंय. बोअरचं जड पाणी टाळा, पाणी उडून जातंय पण क्षार टाकीतच साठतात आणि मग जॉबला गंज. मिक्स करताना पाण्यात कूलंटचं तेल ओतायचं, तेलात पाणी कधीच नाही. रोजचं टॉपअप नुसत्या पाण्यानं करू नका, पातळ मिक्स टाका. रिफ्रॅक्टोमीटरचं (मिक्स किती घट्ट ते दाखवणाऱ्या मीटरचं) रीडिंग डेटाशीटमधल्या फॅक्टरनं गुणायचं, साधारण 5 ते 8 टक्के ठेवा, आणि पीएच 8.5 च्या खाली सरकला की कूलंट नासायलंय हे वास यायच्या आधीच समजतंय.

आणि एक, ग्रे कास्ट आयर्नला (बिडाला) प्रत्येक ऑपरेशनला कूलंट लागतंयच असं नाही वो, त्यातलं ग्रॅफाइटच वंगणाचं काम करतंय. टर्निंग, फेसिंग कोरडं करून बघा, फक्त धूळ ओढून घ्यायची सोय पाहिजे. ड्रिलिंग-टॅपिंगला ठेवा.

काढलेलं तेल आणि नासलेलं कूलंट गटारीत सोडू नका, 2016 च्या घातक कचरा नियमांत ते येतंय. बॅरलवर लेबल लावा, 90 दिवसांच्या आत कर्नाटक प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्यालाच द्या आणि मॅनिफेस्टची (कचरा कुणाला दिला त्या कागदाची) कॉपी फाइलला लावा.