कोड तिकडे पोचतो, मग इश्यू का पोचत नाही?

प्रश्न: नमस्कार. आम्ही इंदूरच्या राजेंद्रनगरमधली काही मुलं मिळून मोडी वाचायला शिकवणारं छोटं ओपन सोर्स अॅप बनवतोय, कोड आमच्याच सर्व्हरवर फोर्जेयोमध्ये (कोड ठेवायचं आणि त्यावर चर्चा करायचं सॉफ्टवेअर) आहे. वडोदऱ्याचा एक ग्रुप असंच काम करतो पण ते गिटलॅब या तशाच दुसऱ्या साइटवर. एकमेकांना बग सांगायचा, म्हणजे इश्यू टाकायचा, तर दोन्हीकडे वेगवेगळं अकाउंट काढा. जीमेलवरून रेडिफला मेल जातो तसं इथे का नाही? सगळे म्हणतात गिटहबवर (तीही अशीच साइट) या, जायचं का?

उत्तर: फक्त या कारणासाठी तरी अजिबात जाऊ नका. 2005 मध्ये गिट (कोडमधले बदल नोंदवणारं, या साइटच्या मुळाशी असलेलं सॉफ्टवेअर) आलं तेच मुळी असं की प्रत्येकाच्या क्लोनमध्ये, म्हणजे स्वतःकडच्या प्रतीत, पूर्ण इतिहास असतो, म्हणून वडोदऱ्याची रेपो (कोडचा साठा) रिमोट म्हणून, म्हणजे दूरचा पत्ता म्हणून जोडली आणि फेच केलं (तिथलं ओढून घेतलं) की त्यांचा कोड तुमच्याकडे आला, त्याला कोणाची परवानगी नको (रेपो पब्लिक असली म्हणजे झालं). अडकतं ते बाकीचं: इश्यू, रिव्ह्यू, पुल रिक्वेस्टवरची ("माझा बदल घ्या" या विनंतीवरची) चर्चा. हे गिटमध्ये नसतंच, त्या त्या साइटच्या डेटाबेसमध्ये असतं, आणि मला खरी काळजी त्याचीच वाटते, कारण अशाच साइटपैकी गिटोरियस 2015 मध्ये बंद झालं, गूगल कोड 2016 मध्ये, आणि अशा वेळी कोड कोणाच्या ना कोणाच्या क्लोनमध्ये सापडतो पण "हे असं का केलं" ही चर्चा वेळेत उचलली नाही तर गेलीच.

तुम्ही म्हणता तसं मेलसारखं करायचं काम सुरू आहे. अॅक्टिव्हिटीपब नावाचा प्रोटोकॉल (वेगवेगळ्या सर्व्हरनी एकमेकांशी बोलायचे नियम) 2018 मध्ये वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने मंजूर केला, मॅस्टोडॉन हे सोशल नेटवर्क त्यावरच चालतं, आणि फोर्जफेड म्हणजे त्यातच इश्यू, कमिट (नोंदवलेला एक बदल), मर्ज रिक्वेस्ट (पुल रिक्वेस्टचंच गिटलॅबमधलं नाव) यांची भर. म्हणजे तुमच्या सर्व्हरवरच्या नावानेच वडोदऱ्याच्या प्रोजेक्टला इश्यू पाठवायचा, तो तिथल्या इनबॉक्समध्ये पडणार. फोर्जेयोवाले यावर मनापासून काम करतायत, पण त्यांनी हात घातला तो आधी स्टार देण्यासारख्या (प्रोजेक्ट आवडला अशी खूण करण्यासारख्या) सोप्या गोष्टीला, कारण परक्या सर्व्हरवरच्या माणसाला इथे नेमकं काय काय करू द्यायचं आणि स्पॅम कसा थांबवायचा हे खरंच अवघड आहे. त्याच्या भरवशावर आजचं काम थांबवू नका.

तोवर पॅच, म्हणजे केलेल्या बदलाची फाइल, मेलने पाठवा. गिट फॉरमॅट-पॅच या कमांडने ती फाइल बनते, समोरच्याने गिट एएम ही कमांड चालवली की कमिट लिहिणाऱ्याच्या नावासकट लागतो, लिनक्स कर्नलचं काम आजही असंच चालतं. मिरर (रेपोची आपोआप ताजी होणारी प्रत) पण लावून ठेवा, गिटलॅबच्या फुकट आवृत्तीत पुश मिररिंग (आपल्याकडून दुसरीकडे पाठवणं) आहे, फोर्जेयोत तर पाठवणं आणि ओढून घेणं अशा दोन्ही बाजूंचं आहे. फक्त लक्षात ठेवा की मिररमधून इश्यू येत नाहीत. फोर्जेयोत गिटलॅबवरून इश्यूसकट सगळं आयात करता येतं पण ते एकदाच होतं, नंतरचं आपोआप येत नाही. म्हणून एखादं अक्षर कसं वाचायचं यावर दोन्ही ग्रुपचं काही ठरलं की ते रेपोतच एका साध्या फाइलमध्ये लिहून कमिट करा, म्हणजे ते कोडबरोबर दोन्हीकडे जाईल.