कॉल बंद होईपर्यंत तो तुझाच

नव्या सहकाऱ्यास,

सप्रेम नमस्कार.

प्रशिक्षण संपलं, आता आपत्कालीन मदतीचे फोन घ्यायला कन्सोलवर तू स्वतंत्रपणे बसशील. प्रोटोकॉल तुला पाठ आहेच, तो पुन्हा सांगत बसत नाही. माणसं कुठे घसरतात, ते लिहितो.

या कामातला निष्काळजीपणा म्हटलं की डुलकी किंवा उर्मट बोलणं डोळ्यांसमोर येतं. तेही घडतं. पण कॉल जिवावर बेततो, तेव्हा अनेकदा ऑपरेटर जागा असतो, नम्रही असतो. त्याने फक्त ऐकून घ्यायच्या आधीच ठरवलेलं असतं. ‘हा नेहमीचाच दारुडा.’ ‘पोरं खेळतायत.’ ‘याबद्दल कोणीतरी आधीच कळवलं असेल.’ यातलं एखादं वाक्य मनात उमटलं, की तिथेच थांब आणि पुढचा प्रश्न विचार. रोज फोन करणाऱ्या माणसालाही एक दिवस खरोखर हार्ट अटॅक येतो. त्या दिवशीही त्याचा आवाज रोजच्यासारखाच असतो.

सुरुवात पत्त्याने कर. काय झालंय ते नंतर. लाइन कधीही तुटू शकते. पत्ता हाती असेल तर निदान गाडी तरी पाठवता येते. मग फोन नंबर आणि त्यानंतर घटना. पत्ता समोरच्याच्या तोंडून वदवून घे. ‘तुम्ही अमुक रस्त्यावर आहात ना?’ असं विचारलंस, तर घाबरलेला माणूस कशालाही ‘हो’ म्हणतो. स्क्रीनवरचा मोबाइलचा ठिपका हा अंदाज असतो. इमारतींच्या दाटीत तो शेकडो मीटर चुकू शकतो, मजला तर बहुधा दाखवतच नाही. त्यामुळे मजला, कोणतं फाटक, जिन्याने जायचं की लिफ्टने, दार उघडायला कोण आहे, हे विचारावंच लागतं. सारख्या नावाचे दोन रस्ते असतील तर जवळची खूण विचारल्याशिवाय नोंद पुढे ढकलू नकोस.

किंचाळणाऱ्याला ‘शांत व्हा’ म्हणून तो शांत होत नाही. एकच वाक्य, त्याच शब्दांत, त्याच आवाजात म्हणत राहा: ‘मदत पाठवायला मला पत्ता हवा.’ दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला ते डोक्यात शिरतं. प्रश्नांमुळे मदतीला उशीर होतोय असं वाटून लोक चिडतात, म्हणून ‘गाडी निघाली आहे, माझ्या प्रश्नांनी ती थांबत नाही’ हे सांगावं. पण गाडी खरोखर निघाली असेल तेव्हाच. समोरच्याला धीर द्यायला मारलेली ही थाप फार महागात पडते, कारण तिच्या भरवशावर तो दुसरी सोय बघत नाही.

सर्वांत जास्त घात होतो तो ‘श्वास चालू आहे’ या उत्तराने. हृदय बंद पडल्यावर पहिली काही मिनिटं अनेक रुग्ण आचके देतात: मध्येच घोरल्यासारखा आवाज, मासा तडफडतो तशी तोंडाची उघडझाप. घरच्यांना तो श्वास वाटतो आणि ते प्रामाणिकपणे ‘हो’ म्हणतात. कधी सुरुवातीला अंग झटके देतं, मग फिट म्हणून नोंद होते. म्हणून प्रश्न दोनच, पण नेमके: शुद्धीवर आहे का? श्वास नेहमीसारखा चालू आहे का? उत्तर अडखळलं, तर फोन करणाऱ्याला रुग्णाच्या पोटावर हात ठेवायला सांग आणि प्रत्येक श्वासाला ‘आता’ म्हणायला लाव. दोन ‘आता’मध्ये दहा सेकंद गेले तर त्याला श्वास समजू नकोस. शुद्ध नाही आणि नीट श्वास नाही, एवढं कळलं की रुग्णाला जमिनीवर पाठीवर झोपवायचं आणि छातीच्या मधोमध दाब सुरू करायला लावायचं. मोठ्या माणसासाठी पुस्तकातला आकडा किमान ५ सेंटीमीटर खोल, ६च्या पुढे नाही, आणि मिनिटाला १०० ते १२० वेळा. फोनवर सेंटीमीटर बोलू नकोस. ‘जोरात, भरभर, माझ्याबरोबर मोठ्याने मोजा’ म्हण आणि स्वतः मोज, म्हणजे वेग तुझ्या हातात राहतो. अमेरिकन हार्ट असोसिएशनने घालून दिलेलं उद्दिष्ट असं आहे: पत्ता मिळाल्यापासून ६० सेकंदांच्या आत हृदय बंद पडल्याची ओळख आणि ९० सेकंदांच्या आत पहिला दाब. ‘चुकून दाब दिला तर?’ या भीतीने हात आखडू नकोस. गरज नसताना दिलेल्या दाबाने गंभीर इजा क्वचितच होते.

मुका कॉल लगेच कापू नकोस. कान देऊन ऐक: दार आपटणं, रडणं, दुसरा कुणाचा आवाज. ‘बोलता येत नसेल तर कुठलंही बटण दाबा’ असं सांगून बघ. कोणी जेवणाची ऑर्डर द्यायला लागलं तर हसण्यावारी नेऊ नकोस. मारणारा माणूस शेजारीच उभा असू शकतो. ‘हो की नाही एवढंच सांगा, तो तिथेच आहे का?’ असं विचार. कट झालेल्या कॉलला उलट फोन लावणं हे तुझंच काम आहे.

आता हस्तांतर, म्हणजे मिळालेली माहिती पुढे सोपवणं. २००८ साली फ्लोरिडात एका तरुणीचं अपहरण झालं होतं. शेजारून जाणाऱ्या गाडीतल्या बाईने आतल्या किंकाळ्या ऐकल्या, फोन केला आणि कोणता रस्ता, कोणती दिशा ते सगळं सांगत राहिली. कॉल घेणारीने ते संगणकात न नोंदवता खोलीतल्या डिस्पॅचरना, म्हणजे गाड्या पाठवणाऱ्यांना, ओरडून सांगितलं. जवळच फिरणाऱ्या पोलीस गाड्यांपर्यंत ते पोहोचलंच नाही आणि ती तरुणी मारली गेली. तिच्या घरच्यांनी लावून धरल्यावर तिथे ऑपरेटरांच्या प्रशिक्षणाचा कायदा झाला. तेव्हा ओरडून सांगणं म्हणजे कळवणं नव्हे, आणि टाइप करणंही निम्मंच काम. समोरून ‘मिळालं, निघालो’ असं उलट उत्तर येईपर्यंत कॉल तुझाच. दुसऱ्या विभागाला लाइन जोडलीस तर पलीकडचा बोलेपर्यंत लाइनवर थांब आणि पत्ता तू सांग.

चूक तुझ्याही हातून होईल. चुकीचा पत्ता गेला असं लक्षात आलं, की त्याच क्षणी रेडिओवर ‘दुरुस्ती’ म्हणून योग्य पत्ता दे, मग सुपरवायझरला सांग. जुनी नोंद खोडू नकोस. खाली वेळेसह नवी ओळ घाल. प्रत्येक बदलाची वेळ यंत्रणेत राहतेच, आणि खाडाखोड केली की साध्या चुकीचं रूपांतर लपवाछपवीत होतं. तोंडाने पुटपुटलेलंही रेकॉर्ड होतं, कित्येक ठिकाणी कॉल होल्डवर असतानासुद्धा.

चौकशीची वेळ आली तर बचावाची भाषा शोधू नकोस. किती वाजता काय ऐकलं, काय विचारलं, काय पाठवलं, एवढंच क्रमाने सांग. पण जबाबदारी एकट्या ऑपरेटरच्या गळ्यात मारणंही मला मान्य नाही. सलग दुसऱ्या शिफ्टला बसवलेल्या माणसाने दोन अंक उलटे टाइप केले, तर शिफ्ट लावणाऱ्यालाही उत्तर द्यावं लागेल. मुद्दाम ‘नॉट रेडी’ (कॉल घ्यायला तयार नाही) लावून कॉल वाजत ठेवणं ही गोष्ट वेगळी. तिला माफी नको. थकवा असह्य झाला, किंवा एखादा कॉल मनातून जात नसेल, तर तसं स्पष्ट सांगून दहा मिनिटं हेडसेट उतरव. न सांगता खुर्ची सोडू नकोस.

महिन्याला स्वतःचे तीन-चार कॉल मागून ऐक. चांगले झालेलेही आणि कंटाळवाणेही. पत्ता किती सेकंदांत मिळाला ते घड्याळ लावून बघ. समोरचा बोलत असताना तू कितीदा मध्येच तोडलंस तेही मोज. आणि शिफ्ट संपताना उघडे कॉल पुढच्याला वाचून दाखव, त्याच्याकडून परत वदवून घे, मगच लॉगआउट कर.

तुझा,
एक जुना सहकारी