पॅकेज दत्तक द्यायचंय, पण कुणाला?

प्रश्न : 2015 साली मी पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत एक छोटं पॅकेज (इतरांना वापरता येणारा तयार कोड) लिहिलं, आकडी रक्कम मराठी अक्षरांत करून देणारं. पावत्या छापायला काही पतसंस्था वापरतात. चार वर्षांत हात लावायला जमलेलं नाही. एक बग तर लाजिरवाणा आहे : 79 ऐवजी 'एकोणनव्वद' छापलं जातं. गेल्या महिन्यात एका अनोळखी माणसाचा मेल आला, 'मी सांभाळतो, ओनरचा हक्क द्या.' देऊन मोकळा होऊ का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : मोकळे व्हा, पण असे नको.

आणि पत्राचा सूर कर्जबुडव्यासारखा कशाला? फुकट लिहिलंत, फुकट वाटलंत, आता वेळ नाही. डेबियन या लिनक्स प्रणालीत याची रीतसर सोय आहे. तिथे मेंटेनर, म्हणजे पॅकेज सांभाळणारा, 'डब्ल्यूएनपीपी' या माणूस हवा असलेल्या पॅकेजांच्या यादीत एक नोंद (तिलाही बगच म्हणतात) टाकतो. शीर्षकात 'आरएफए' असलं, तर 'कुणी घेतंय का बघतोय, तोवर मी आहे'. 'ओ' असलं, तर ऑर्फन : सोडलं.

मी तिथूनच एक पोरकं पॅकेज उचललं. शीर्षकातला 'ओ' काढून 'आयटीए' केलं, म्हणजे दत्तक घ्यायचा इरादा जाहीर. पण अपलोड करायचा हक्क मला नव्हता. एका जुन्या डेव्हलपरने स्पॉन्सर म्हणून माझं काम तपासलं आणि तीनदा परत पाठवलं, एकदा तर कॉपीराइट फाइलमधल्या एका चुकीच्या सालासाठी. मी जाम वैतागले होते.

2018 मध्ये 'इव्हेंट-स्ट्रीम'चं प्रकरण वाचलं आणि वैताग उतरला. एनपीएम या जावास्क्रिप्ट पॅकेजांच्या भांडारातलं हे भरपूर वापरलं जाणारं पॅकेज. मूळ लेखक स्वतः ते वापरेनासा झाला होता. एकाने मेल करून मागितलं, त्याने देऊन टाकलं. नव्या माणसाने 'फ्लॅटमॅप-स्ट्रीम' ही डिपेंडन्सी, म्हणजे सोबत लागणारं दुसरं पॅकेज, जोडली, आणि तिच्यातून 'कोपे' या बिटकॉइन वॉलेटच्या चाव्या चोरणारा कोड आत आला. तुमच्याच पत्रासारखी सुरुवात, नाही का?

सावकाश दिलं की निर्धास्त, असंही नाही. 'एक्सझेड' या फाइली आवळून लहान करणाऱ्या साधनात 'जिया टॅन' या नावाने कुणीतरी दोनेक वर्षं चांगले पॅच (कोडमधल्या दुरुस्त्या) देत विश्वास कमावला. थकलेल्या मूळ मेंटेनरवर इतरांकडून दबावही येत होता. मार्च 2024 मध्ये अँड्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरना एसएसएच लॉगिन (दूरच्या संगणकात शिरणं) अर्धा सेकंद रेंगाळताना दिसलं, म्हणून 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांमधलं मागचं दार, म्हणजे छुपी चोरवाट, सापडलं.

तर तूर्त रीडमीच्या, म्हणजे पॅकेजची ओळख देणाऱ्या फाइलच्या, पहिल्या ओळीत लिहा : 'मला वेळ नाही, मेंटेनर हवा आहे.' तुमचं पॅकेज वापरणाऱ्या पतसंस्थांचं सॉफ्टवेअर जे करतात, त्यांना फोन करा. ज्याचं काम अडतं तो टिकतो, असा माझा अनुभव आहे. मेलवाल्याला अजून कुठलाच हक्क देऊ नका. पायपीआय या पायथन पॅकेजांच्या भांडारात साध्या 'मेंटेनर'लाही रिलीज (नवी आवृत्ती) चढवता येतं. त्याच्याकडून पुल रिक्वेस्ट, म्हणजे सुचवलेले बदल, घ्या, ओळन् ओळ वाचा, रिलीज तुम्हीच करा. नवी डिपेंडन्सी दिसली तर थांबून विचारा. आकड्यांचे शब्द करायला डिपेंडन्सी लागतेच कशाला? काही महिने बरे गेले तर 'मेंटेनर' करा. 'ओनर' सगळ्यात शेवटी. कुणीच आलं नाही तर रेपो (कोडचं कोठार) आर्काइव्ह करून, म्हणजे फक्त वाचण्यापुरता ठेवून टाका, त्यात कमीपणा नाही.

आणि पहिलं काम म्हणून मेलवाल्याला तो 79 चा बग द्या. 'एकोणऐंशी' नीट छापून आलं, तर पुढचं बोलू.