पन्नास किलोमीटरचा मुलूख

प्रश्न : ताई, नमस्कार. मी साताऱ्याचा, इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. होस्टेलवर आम्ही पाच जण दर शनिवारी रात्री 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा काल्पनिक जगातली पात्रं होऊन टेबलाभोवती खेळायचा खेळ खेळतो. खेळ चालवणारा, म्हणजे डीएम, मी. दिवाळीच्या सुट्टीत मी अख्ख्या खंडाचा नकाशा काढला : चौदा राज्यं, दोन समुद्र, एक वाळवंट. पण सहा शनिवार झाले तरी मंडळी पहिल्या गावातून हलत नाहीत. विचारलं तर म्हणतात, ‘जायचं कुठे?’ आता एका मुलखापुरता छोटा नकाशा काढायचं ठरवलंय. किती मोठा काढू? सुरुवात कुठून करू? आणि कागदावर काढू की सॉफ्टवेअरमध्ये?
(एक वाचक, सातारा)

उत्तर : तुझा खंडाचा नकाशा फाडू नकोस, घडी घालून ठेव. कुणी परदेशी व्यापारी आला तर तो कुठून आला हे सांगायला लागेल. पण तुझे मित्र म्हणतात ते बरोबर आहे. गावच्या वेशीवर उभ्या असलेल्या माणसाला राज्य दिसत नाही, त्याला समोरचा फाटा दिसतो. तुझ्या नकाशात फाटाच नाही.

मी बावीस वर्षं अकरावी-बारावीला भूगोल शिकवला. गेली नऊ वर्षं भाच्यासाठी आणि त्याच्या मित्रांसाठी हा खेळ चालवते आहे. दोन्हीकडे एकच गोष्ट पाहिली : नकाशा पायांनी मोजला की समजतो.

म्हणून आधी माप. खेळाच्या 2014च्या नियमांप्रमाणे साधी चाल दिवसाला 24 मैल, म्हणजे 38-39 किलोमीटर, आणि अवघड भूभागात त्याच्या निम्मी. कागदावर षटकोन आख आणि एक षटकोन 6 मैलांचा, साधारण 10 किलोमीटरचा धर. सपाटीवर दिवसाला चार षटकोन, डोंगरात दोन. खेळता खेळता हिशेब तोंडी होतो. या मापाचा आणखी एक फायदा आहे. सपाट जमिनीवर उभ्या माणसाला क्षितिज पाचेक किलोमीटरवर दिसतं, म्हणजे षटकोनाच्या मध्यावरून जवळपास त्याच्या कडेपर्यंत. तोच माणूस 100 मीटर उंच टेकडीवर चढला की आडकाठी नसेल तर 35 किलोमीटरपर्यंत बघू शकतो. माझ्या टेबलावर जो टेकडी चढतो त्याला मी नकाशाचा पुढचा तुकडा हातात देते. मुलं मग आपणहून टेकड्या शोधायला लागतात.

सात बाय सात षटकोन पुरेत. ते कमी वाटतील, पण क्षेत्रफळ काढून बघ : 4,200 चौरस किलोमीटर, पुणे जिल्ह्याच्या पाव भागाहून जास्त. त्यात तुमचं वर्ष निघेल.

आता सुरुवात. राजधानीपासून करू नकोस, किल्ल्यापासूनही नको. जिथून जाणं अवघड आहे आणि तरी जावंच लागतं, ती जागा आधी काढ. तू साताऱ्याचा आहेस, तुला हे दूर शोधायची गरज नाही. वाई ते महाड हवाई अंतर पन्नासएक किलोमीटर, आपल्या मापाने पाच षटकोन. पूर्वेला वाई : सपाटी, कृष्णाकाठ, ठाणं. पश्चिमेला महाड : सावित्रीचं खोरं, पुढे समुद्राकडे जाणारी वाट. मध्ये जावळीचं रान आणि सह्याद्रीची भिंत. ती ओलांडायला मोजके घाट, आणि त्यातल्या पार घाटावर नजर ठेवून प्रतापगड. 1659मध्ये अफझलखान वाईत तळ देऊन होता, महाराज प्रतापगडावर. एवढ्याशा मुलखात कोण कुठल्या वाटेने उतरतो यावर सगळं ठरलं. खानाची माणसं रडतोंडीच्या घाटाने उतरली असं सांगतात. त्या वाटेला हे नाव पडण्याआधी किती जण ती चढून गेले असतील, याचा विचार कर. असं एक नाव तुझ्या नकाशावर असलं, तर त्या घाटाचं वर्णन वाचून दाखवायची गरज पडणार नाही.

भिंत काढलीस की पाऊस आणि पाणी आपोआप जागेवर बसतात. वारा समुद्राकडून येतो, डोंगर चढतो, माथ्यावर रिता होतो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. घाट उतरून तीस-बत्तीस किलोमीटरवर वाईला त्याच्या एक पंचमांशही पडत नाही. म्हणून तुझं घनदाट रान भिंतीच्या माथ्याला आणि वाऱ्याच्या बाजूला असू दे, उघडं माळरान पलीकडे. नद्यांचं एकच सांगते, कारण अकरावीच्या मुलांच्या वह्यांत ही चूक मी दरवर्षी बघितली : नद्या एकमेकींना मिळतात, वेण्णा माहुलीला कृष्णेला मिळते तशा. वाटेत दुभंगून दोन दिशांना जात नाहीत. फाटे फुटतात ते मुखाशी, गाळाच्या सपाटीत.

मग रस्ते, आणि इथे वेळ घाल. माझ्या खेळात खाली किनाऱ्यावर मिठागरं होती आणि वर देशावर मीठ नव्हतं. बैलांचे तांडे मीठ घेऊन चढायचे. वाटा दोन ठेवल्या. एक सरळ घाटाची, दोन दिवसांची. माथ्यावर जकातीची चौकी, आणि चौकीवरचा नाईक जकातीपेक्षा जास्त मागायचा. दुसरी लांबची, रानातून, पाच दिवसांची. जकात नाही, पण तिसऱ्या दिवशी पाणी नाही. मुलांकडे आजारी म्हातारी होती आणि पैसे अर्ध्या जकातीएवढे. पाऊण तास भांडली. मी एक शब्द बोलले नाही, चहा करून आणला. शेवटी ती तिसऱ्याच मार्गाने गेली : तांड्याच्या नायकाकडे बैल हाकायचं काम मागितलं आणि म्हातारीला मिठाच्या गोण्यांवर बसवून घाट चढवला. ती वाट माझ्या कागदावर नव्हती. पण मीठ होतं, म्हणून ती सुचली. तुझ्या मुलखात काय पिकतं आणि काय मिळत नाही, एवढं तरी ठरव.

गावं मोजकीच ठेव. एक आठवडे बाजाराचं गाव घे. सकाळी निघून, बाजार करून अंधाराच्या आत घरी पोचता येईल एवढ्या अंतरावर त्याच्याभोवती चार-पाच वाड्या. नावांसाठी इंग्रजी नावांची यादी उघडू नकोस. आपल्याकडे गावाला झाडाचं नाव पडतं, पाण्याचं पडतं, देवाचं पडतं, आणि एका नावाची दोन गावं झाली की थोरलं बुद्रुक आणि धाकटं खुर्द. मला या जोडीचं फार प्रेम आहे. नकाशावर ‘उंबरवाडी खुर्द’ लिही आणि बुद्रुक कुठेच लिहू नकोस. तिसऱ्या शनिवारी कुणीतरी विचारेल, थोरलं गाव कुठे गेलं? उत्तर मात्र आधीपासून ठरवून ठेव. माझ्या मुलखात ते तळ्याखाली होतं, आणि उन्हाळ्यात देवळाचा कळस उघडा पडायचा.

नकाशे दोन कर. तुझा खरा आणि मुलांच्या हातातला. त्यांचा कुणीतरी कशासाठी तरी काढलेला असू दे. जकात गोळा करणाऱ्याने काढला असेल तर त्यावर चौक्या आणि बाजार असतील. फुकट पाणी देणारी विहीर आणि जकात न देणारी वाडी नसेल. गुराख्याने काढला असेल तर नेमकं उलट. मुलांना जकातीचा नकाशा दे आणि दुसऱ्या दिवशी गुराखी भेटव.

सॉफ्टवेअरबद्दल थोडक्यात : आधी कागद, पेन्सिल, खोडरबर. इंकारनेटसारखी साधनं छान चित्र देतात, पण चित्र छान झालं की खोडवत नाही, आणि पहिले दोन महिने तुला सारखं खोडायचं आहे. त्यापेक्षा भारतीय सर्वेक्षण विभागाचा 1:50,000 प्रमाणाचा एक स्थलनिर्देशक नकाशा समोर ठेव. त्यात 2 सेंटीमीटर म्हणजे 1 किलोमीटर, आणि आपल्या भागात एक पत्रक साधारण सव्वीस बाय अठ्ठावीस किलोमीटर दाखवतं. समोच्च रेषा, म्हणजे समान उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, जिथे दाटतात तिथे कडा, आणि दोन उंचवट्यांमध्ये जिथे उंची उतरते तिथे खिंड. पायवाट त्याच खिंडीकडे जाताना दिसेल. पारदर्शक कागद ठेवून गिरव, उत्तर-दक्षिण उलटी कर, नावं बदल. कुणाला ओळखू येणार नाही.

या शनिवारपर्यंत सगळे षटकोन भरायच्या मागे लागू नकोस. मंडळी आहेत ते गाव आणि त्याला लागून असलेले सहा षटकोन भर. त्यातल्या एकात खिंड असू दे. आणि खेळ सुरू झाला की पहिल्याच वाक्यात गावातल्या वाण्याला सांगू दे, की मीठ संपलंय आणि तांडा चार दिवस झाले तरी आलेला नाही. काय झालं ते मला कळव.