ऑटोमॅटिक आहे हो, पण कसली?

वाचकांचे प्रश्न : सेकंडहँड ऑटोमॅटिक गाडी आणि तिचा गिअरबॉक्स

प्रश्न : दादा, मी हिंजवडीला नोकरीला आहे, रोज दीड-दीड तास क्लच दाबून डावा गुडघा कामातून गेलाय, म्हणून सेकंडहँड ब्रेझा ऑटोमॅटिक शोधतोय. तीन बघितल्या. एक २०१८ ची डिझेल, एक २०२१ ची पेट्रोल, एक २०२२ च्या दिवाळीतली पेट्रोल. एजंट म्हणतो ऑटोमॅटिक म्हणजे ऑटोमॅटिक, सगळ्या सारख्याच, रंग बघा आणि किलोमीटर बघा. खरंय का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : एजंटला रंगच विकायचाय, त्याचं बरोबर आहे. पण मित्रा, तू बघितलेल्या तीन गाड्यांत तीन वेगवेगळे गिअरबॉक्स आहेत, नाव फक्त एक. २०१८ ची डिझेल ती एएमटी, म्हणजे आपला नेहमीचा मॅन्युअल गिअरबॉक्स आणि नेहमीचीच क्लच प्लेट, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम पायाऐवजी पंप आणि अ‍ॅक्च्युएटर करतात, मारुती त्याला एजीएस म्हणते. २०२० ला ब्रेझा पेट्रोलमध्ये आली तेव्हा चार गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर (यात क्लच प्लेटऐवजी तेलातून ताकद पुढे जाते) मिळाला, तुझी २०२१ ची ती. आणि २०२२ च्या जूनमध्ये नवीन शेप आला त्यात सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर. तिघींची दुखणी वेगळी, तपासायची पद्धत वेगळी आणि बिघडल्यावर येणारं बिल तर फारच वेगळं.

ओळखायची सगळ्यात सोपी खूण सांगतो, लिव्हरवर पी, म्हणजे पार्किंग, आहे का बघ. आर, एन, डी, एम एवढंच असेल आणि पी नसेल तर डोळे मिटून एएमटी समज. क्विडमध्ये तर लिव्हरही नाही, गोल बटण फिरवायचं, तीपण एएमटीच. पी असेल तर मग टॉर्क कन्व्हर्टर, सीव्हीटी (ठरलेल्या गिअरऐवजी पुली आणि पट्टा) किंवा डीसीटी (दोन क्लचवाली, म्हणजे ड्युअल क्लच) यातलं एक, आणि त्यातलं कुठलं ते ट्रायल घेताना काट्यावर कळतं. आरपीएमचा काटा चढतो, हळूच उतरतो, परत चढतो आणि मध्ये गाडीची ओढ तुटत नाही, तो टॉर्क कन्व्हर्टर. काटा एका जागी बसून राहतो आणि स्पीड मात्र वाढत जातो, रबर ताणल्यासारखं वाटतं, ती सीव्हीटी (आजकाल काही सीव्हीटी मुद्दाम खोटे गिअर बदलल्यासारखं करतात त्यामुळे फसू नको, हलक्या पायाने चालव म्हणजे खरं रूप दिसतं). काटा चटकन पडतो, कळायच्या आत गिअर बदललेला असतो, ती डीसीटी. आणि दर गिअरला ओढ तुटून सगळ्यांच्या माना डोलल्या की एएमटी.

आरसीवर कधी एटी, कधी एएमटी, कधी एजीएस असं मॉडेलच्या नावात लिहिलेलं असतं, कधी काहीच नसतं, म्हणून त्यावर एकट्यावर विसंबू नको. नावावर तर अजिबातच नको. बलेनो घे, २०२२ पर्यंत सीव्हीटी आणि मग एजीएस. इकोस्पोर्ट घे, आधीची पेट्रोल ऑटोमॅटिक ड्युअल क्लच आणि २०१७ च्या शेवटच्या फेसलिफ्टपासून टॉर्क कन्व्हर्टर. पोलो घे, जीटी टीएसआय म्हणजे डीएसजी (डीसीटीचंच फोक्सवॅगनचं नाव) आणि नंतरची एक लिटर टीएसआय म्हणजे टॉर्क कन्व्हर्टर. मागचा बॅज बघून पैसे देणारे लोक मी रोज बघतो.

तुझा गुडघा आणि तुझं ट्रॅफिक बघता मी २०२१ किंवा २०२२ ची बघेन, चार गिअरची जरा जुन्या वळणाची वाटेल, हायवेला ओव्हरटेकला आवाज करेल, पण दणकट आहे. डिझेल एएमटीच आवडली असेल तर एक कर, गाडी रात्रभर बंद असू दे आणि सकाळी ड्रायव्हरचं दार उघड. पुढून घूं असा पंपाचा आवाज येईल दोन-तीन सेकंद आणि थांबेल, ते चांगलं लक्षण. ट्रायलमध्ये तो पंप घडीघडी परत परत घूं करायला लागला तर प्रेशर टिकत नाहीये. मग चढावर ब्रेक सोडून हळू उचल, जळका वास आला किंवा आरपीएम वाढून गाडी जागेवरच रेंगाळली तर क्लच प्लेटचा खर्च किंमतीतून आधी वजा कर.

प्रश्न : मिस्टर बाहेरगावी असतात त्यामुळे गाडी मलाच बघायची आहे. २०१४ ची सिटी पेट्रोल ऑटोमॅटिक बघतेय, ७१ हजार किलोमीटर, मालक कोल्हापूरचे. दोनदा जाऊन आले, दोन्ही वेळेस मालकांनी गाडी आधीच चालू करून ठेवलेली, एसी लावून थंडगार. चालवायला छान वाटली. गिअरबॉक्स चांगला आहे हे कसं समजायचं? (एक वाचक भगिनी, सांगली)

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातलं एसी लावून थंडगार हे वाक्य वाचून मला माझीच गोष्ट आठवली. मी स्वतः या धंद्यात, तरी एका डीलरकडून एक ऑटोमॅटिक घेऊन बसलो, दुपारी गेलो होतो, गाडी तापलेली होती, मस्त चालली. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता घरासमोर डी ला टाकली तर एक, दोन, तीन... आणि मग धाडकन गचका. बायको गॅलरीतून बघत होती, काही बोलली नाही, ते जास्त लागलं.

म्हणून तिसऱ्यांदा जा आणि न सांगता अर्धा तास आधी पोचा. बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर चहा प्यायला थांबा आणि गप्पा मारा, नाहीतर सरळ म्हणा उद्या सकाळी येते, गाडी चालू करू नका. ज्याची गाडी चांगली आहे तो काही हरकत घेत नाही.

थंड गाडीला सेल्फ मारा, आरपीएम खाली बसू द्या, ब्रेक चेपून पी मधून आर ला टाका आणि मनात मोजा. एक सेकंदाच्या आसपास गाडी पकड घेते, हलकी हलते. दोन-तीन सेकंद गेले किंवा गचका बसला तर तेल कमी, तेल खराब किंवा आतलं प्रेशर कमी, काहीतरी आहे. मग एन, मग डी, तेच परत. रिव्हर्स नीट बघा, लोक ट्रायलला कायम पुढेच नेतात आणि रिव्हर्स घेतात ते फक्त पार्किंगपुरतं. थोड्या चढावर रिव्हर्समध्ये मागे न्या, अ‍ॅक्सिलरेटर हलका ठेवून. इंजिन रेस घेतंय आणि गाडी ओढत नाही असं झालं की मालकांना नमस्कार करून घरी या.

आता तुमची गाडी कुठली ते. सिटीचा नवा शेप २०१४ च्या जानेवारीत आला आणि त्याच्या पेट्रोल ऑटोमॅटिकला सीव्हीटी आहे. त्याच्या आधीच्या शेपला पाच गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर होता. नोंदणी २०१४ ची असली तरी गाडी २०१३ ला बनलेली जुन्या शेपची असू शकते, म्हणून बनवल्याचा महिना-वर्ष बघा, आणि फोटो आठवत असतीलच तुम्हाला. नवा शेप असेल तर अजून एक, २०१४ मध्ये बनलेल्या काही सिटी सीव्हीटी होंडाने गिअरबॉक्सच्या सॉफ्टवेअर अपडेटसाठी परत बोलावल्या होत्या, तेव्हा चेसिस नंबर देऊन सर्व्हिस सेंटरला विचारा की या गाडीचं ते काम झालंय का. तसंच सीव्हीटीचं तेल कधी बदललं त्याचं बिल मागा. या गाडीला होंडाचं एचसीएफ-२ हेच तेल लागतं, कुठलंही लाल एटीएफ (साध्या ऑटोमॅटिकचं तेल) ओतून दिलेल्या सीव्हीटी मी बघितल्यात, पुढे त्यांचं काय झालं ते सांगायला नको.

सीव्हीटीत आत दोन पुली आणि मध्ये स्टीलचा पट्टा, तो घसरायला लागला की सगळं संपलं, दुरुस्ती कमी आणि बदली जास्त, आणि बदलीचं बिल लाखाच्या वर. लक्षणं अशी : सिग्नलवरून हळू उचलताना थरथर, खडबडीत रस्त्यावरून गेल्यासारखी, रस्ता मात्र गुळगुळीत. स्पीडबरोबर वाढत जाणारा हुंकार, तो टायरचाही असतो, म्हणून रस्ता बदलून ऐका. आणि ओव्हरटेकला पाय दाबल्यावर काटा एकदम उसळून परत पडणे. रबर ताणल्यासारखं वाटणं मात्र दोष नाही, तिचा स्वभाव आहे.

तुम्ही सांगलीच्या आणि गाडी कोल्हापूरची, त्यामुळे २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै विसरू नका. पुरात उभी राहिलेली गाडी धुऊन पुसून, नवे सीट कव्हर घालून विकायला येते. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा, आतल्या भागावर गढूळ पाण्याची रेघ दिसते का बघा. सीटखालच्या रेल्सना गंज, डिकीत स्पेअर व्हीलच्या खोबणीत वाळलेला चिखल, तेही बघा. गिअरबॉक्सला हवा जायला ब्रीदर असतो, गाडी पाण्यात असली की तिथून पाणी आत जातं आणि तेल गुलाबी दुधासारखं होतं, स्ट्रॉबेरी मिल्कशेक म्हणा ना. असं तेल दिसलं तर पूर नसला तरी रेडिएटरमधलं पाणी मिसळलेलं असू शकतं, दोन्हीत गाडी सोडायचीच.

तेल बघायला काही गाड्यांना डिपस्टिक, म्हणजे मोजपट्टी असते, बऱ्याच नव्यांना नसते, मग लिफ्टवर घेऊन लेव्हल प्लग उघडावा लागतो, ओळखीच्या मेस्त्रीला घेऊन जा. पांढऱ्या टिश्यूवर थेंब टाका. टॉर्क कन्व्हर्टरचं तेल नवं असताना बहुतेक लाल, जुनं झालं की तपकिरी. सीव्हीटीचं लाल असेलच असं नाही, म्हणून रंगापेक्षा नाकावर भरवसा ठेवा, करपलेल्या फोडणीसारखा वास आला तर आतले क्लच जळलेत.

मेस्त्रीकडे बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर असेलच. पी०७०० हा कोड आला तर त्याचा अर्थ एवढाच की गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरला काहीतरी सांगायचंय, खरी तक्रार त्याच्या मागच्या कोडमध्ये असते. आणि एकही कोड नाही म्हणून खूश होऊ नका, रेडिनेसची यादी, म्हणजे गाडीने स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्यात का ते, बघायला सांगा, त्यात सगळं अपूर्ण दिसलं तर आज सकाळीच कोणीतरी कोड उडवलेत किंवा बॅटरी काढून लावलीय.

एक विनंती. कोणी हुशार मेस्त्री ब्रेक पूर्ण दाबून डी मध्ये फुल रेस द्यायला लागला तर त्याला थांबवा. जुन्या टॉर्क कन्व्हर्टरला ती टेस्ट जाणकार माणूस काही सेकंद करतो, सीव्हीटी आणि डीसीटीवर असला प्रयोग नको, गाडी अजून तुमची नाहीये.

प्रश्न : आय टेन ऑटोमॅटिक, २०११ ची, आमच्या आईंना सवय आहे म्हणून विकायची नाही. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला घसरते. गॅरेजवाला म्हणतो गिअरबॉक्स गेला, कुर्ल्याहून जुना आणून बसवतो, एक महिना गॅरंटी. बसवू का? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : काका, आधी गेलाय का ते ठरू द्या. तेल कमी असलं, तेलाची वाट उघडझाप करणारा सोलेनॉइड अडकला, स्पीड सेन्सर मेला, तरी गाडी अशीच वागते. स्कॅन केलाय का, तेल काढून बघितलंय का, एवढं विचारा. गिअरबॉक्सच्या खालचा तेलाचा चेंबर उघडला की आत चुंबक असतो, त्याला बारीक काळपट राखेसारखा लेप असणार, तो प्रत्येक गाडीत असतो, त्याची भीती नाही. पण बोटाला टोचणारे धातूचे तुकडे निघाले तर मग गॅरेजवाल्याचं बरोबर.

कुर्ल्याचं मार्केट वाईट नाही, तिथे अपघातात पुढून वाचलेल्या गाड्यांचे उत्तम गिअरबॉक्सही येतात आणि धुऊन चकचकीत केलेला कचराही. मला तर फार स्वच्छ धुतलेला बॉक्स बघितला की संशयच येतो. तुमच्या १.२ कप्पा इंजिनाचाच चार गिअरचा बॉक्स हवा, तुमच्या बॉक्सच्या केसिंगवर जो स्टिकर किंवा कोरलेला कोड आहे त्याचा फोटो काढून पाठवा आणि तोच कोड समोरच्या बॉक्सवर मागा, गाडी दिसायला सारखी म्हणून बॉक्स सारखा असं नसतं. वायरिंगचे सॉकेट अख्खे हवेत, करवतीने कापलेल्या वायरी नकोत. टॉर्क कन्व्हर्टर त्याच्यासोबत हवा. हाताने शाफ्ट फिरवून बघायला सांगा, खरखर नको. आणि चेंबर उघडून चुंबक तिथेच, पैसे द्यायच्या आधी. दुकानदार म्हणेल सील तुटेल तर म्हणावं गॅस्केटचे पैसे मी देतो.

बसवतानाची गडबड जास्त महागात पडते. कन्व्हर्टर पंपात पूर्ण बसला पाहिजे, फिरवत आत ढकलला की टप्प्याटप्प्याने टक टक करत आत जातो, शेवटचा टप्पा राहिला आणि तसेच बोल्ट आवळले की पंप फुटतो, मग दुकानदार म्हणतो बसवणाऱ्याची चूक आणि बसवणारा म्हणतो माल खराब. जुन्या बॉक्सचा कचरा ऑइल कूलरमध्ये बसलेला असतो, तो धुतल्याशिवाय नवं तेल भरू देऊ नका. गॅरंटी कागदावर घ्या आणि त्यात उतरवायची-चढवायची मजुरी धरलीय का ते वाचा, नुसता बॉक्स बदलून मिळाला तर मजुरी दुसऱ्यांदा तुमच्याच खिशातून.

प्रश्न : आंबा घाट उतरताना ऑटोमॅटिक एन ला टाकली तर पेट्रोल वाचतं का? आणि बंद पडली तर टोचन लावून आणता येते का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : नाही आणि नाही. गिअरमध्ये पाय उचलून उतरताना इंजिन पेट्रोल जवळजवळ बंद करतं, एन ला टाकलं तर चालू राहायला परत पेट्रोल पितं आणि इंजिन ब्रेकही जातो, मग साखरप्याला पोचेपर्यंत ब्रेकचा वास. एल, एस किंवा एम ला, म्हणजे खालच्या गिअरमध्ये, उतरा. टोचनचं म्हणाल तर इंजिन बंद असताना बऱ्याच बॉक्समध्ये तेलाचा पंप फिरत नाही, चाकं मात्र आतले भाग फिरवत राहतात, कोरडे. फ्लॅटबेडच मागवा, किंवा निदान पुढची चाकं उचलून घ्या. आणि हो, जुनी गाडी घेताना मालकाला सहज विचारा कधी टोचन लावलं होतं का, लोक अगदी अभिमानाने सांगतात चाळीस किलोमीटर ओढून आणली म्हणून.