छळाच्या इतिहासावर संगीत नाटक रचताना गाण्यांमुळे विषयाचं गांभीर्य जातं का?

शाळेतल्या मुलांना अस्पृश्यतेचा इतिहास कळावा म्हणून संगीत नाटक बसवायचंय, पण गाणी आली की दुःखाची करमणूक होईल, अशी भीती तुम्ही लिहिली आहे. भीती रास्त आहे. मी पेटी वाजवतो, चाली लावतो. महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहावर कॉलेजच्या मुलांना घेऊन पाऊण तासाचं नाटक केलंय. माझ्या मते खरा घोळ चांगली चाल कुणाला द्यायची, इथे होतो.

माझाही झाला. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब आणि मागोमाग हजारो माणसं तळ्याचं पाणी प्यायली, त्या क्षणाला मी भैरवीत संथ गाणं बांधलं होतं. लोक रडले, मी खूश. प्रयोग संपल्यावर एक म्हातारे शाहीर आत आले. म्हणाले, "मास्तर, आमची माणसं तळ्यावर ताठ मानेनं गेली. तुम्ही तर त्यांची मयत काढली."

आता तिथे गाणं नाहीच. तळ्याच्या काठापर्यंत हलगी वाजते, मग तीही बंद. समोर पितळी परातीत पाणी, परातीला टेकवून माईक. ओंजळ भरल्याचा आवाज शेवटच्या रांगेला ऐकू जातो.

गाणी कुठे ठेवली? सगळ्यात आधी कागदांना. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात 1923 साली मंजूर झाला. 1924 मध्ये महाड नगरपालिकेनेही तळं खुलं केल्याचा ठराव केला. पाणी मात्र कुणाला भरू दिलं नाही. आमचा कारकून "येणेप्रमाणे ठरविण्यात येते की" असं सुरात वाचतो आणि झीलकरी, म्हणजे मागे साथीला गाणारे, मागून "जी जी रं जी" ओढतात. दर वर्षी तीच ओळ, लय थोडी उतरलेली. मुलं पहिल्यांदा खळखळून हसतात, तिसऱ्यांदा नाही.

दुसरं गाणं शुद्धीचं. दलितांच्या स्पर्शाने तळं बाटलं म्हणून सनातन्यांनी त्यात शेण, गोमूत्र, दूध, दह्याच्या 108 घागरी ओतल्या. बारा नवे एकशे आठ, म्हणजे बारा मात्रांच्या एकतालाची नऊ आवर्तनं, मात्रेला एक घागर. चाल मी मुद्दाम आरतीसारखी गोड लावली. प्रेक्षक तिसऱ्या आवर्तनात टाळ्या धरतात, सहाव्यात चुळबुळतात. एकशे आठ झाल्यावर सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, यायला हवी. तिथे आम्ही काही वाजवत नाही. टाळीला उचललेले हात तसेच राहतात.

युक्ती माझी नव्हे. तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल' नाटकात ब्राह्मणांची रांग नाचत-गात राहते आणि तिच्या आड काय चाललंय ते आपण बघतो. भास्कर चंदावरकरांचं ते संगीत चाली लावायला बसण्याआधी जरूर ऐका.

पाणी पिऊन झाल्यावर, हे आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी हूल उठवून महाडला परिषदेसाठी आलेल्यांना मारहाण झाली. तो भाग एक मुलगी साध्या बोलीत सांगते, मागे पेटीचा सूरसुद्धा नाही. मार खाणाऱ्या माणसाच्या मागे ठेका धरणं मला जमलं नाही. कुणाला जमत असेल तर असो. बाबासाहेबांच्या तोंडीही गाणं घालू नका. त्यांचं भाषण छापलेलं आहे, त्यातलंच बोलू द्या.

साचा हवाच असेल तर संगीत नाटकापेक्षा जलशाचा, म्हणजे तमाशाच्या घाटाच्या प्रबोधनाच्या खेळाचा घ्या. भीमराव कर्डकांसारख्या आंबेडकरी जलसाकारांनी तमाशातल्या गणात, म्हणजे सुरुवातीच्या वंदनात, गणपतीच्या जागी बाबासाहेबांना आणलं, कृष्ण-गोपींची गवळण काढून टाकली आणि सवाल-जवाबातून लोकांना चळवळ समजावली. हसवणं त्यांना कधी वर्ज्य नव्हतं. गांभीर्याची काळजी आपल्यालाच जास्त.

एक व्यवहाराची गोष्ट: घागरींच्या गाण्यात आकडे मोजताना मुलं एकोणसाठ आणि एकोणऐंशीला हमखास अडखळतात, कारण एका मात्रेत ते शब्द मावत नाहीत. लय सुरुवातीपासूनच उतरती धरा, नाहीतर तबलजी पुढे आणि घागरी मागे.