फिनिक्सच्या कडेला, वाळवंटातील उपनगरात कुटुंबासह राहणे कितपत सोयीचे आहे?

आपल्या प्रश्नाचा मथितार्थ असा, की नोकरीनिमित्त अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्यात फिनिक्सला येणे ठरले आहे, शहराच्या अगदी कडेच्या उपनगरात मोठे नवे घर बजेटमध्ये बसते आहे, सोबत लहान मुले आहेत, आईवडीलही अधूनमधून येऊन राहणार आहेत. तेव्हा एवढ्या उन्हात तेथे निभाव लागेल का? फिनिक्स आणि भोवतालची शहरे ज्या खोऱ्यात वसली आहेत त्याच खोऱ्यातल्या चँडलरमध्ये मी राहतो आणि निभाव लागतो असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र घर पाहायला येणारे बहुतेक जण ज्याची धास्ती घेतात ते ऊन खोऱ्यात सगळीकडे जवळपास सारखेच असते. एक वस्ती आणि दुसरी वस्ती यांत खरा फरक पडतो तो पाणी कोठून येते, सावली किती आहे आणि रोज किती अंतर गाडी चालवावी लागते यांमुळे. घराची किंमत कडेला कमी दिसते, तिच्यामागेही बहुधा याच तीन गोष्टी असतात.

उन्हाविषयी आधी थोडक्यात लिहितो. २०२३ मध्ये फिनिक्सचा पारा सलग ३१ दिवस ११० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ४३ अंश सेल्सिअस, किंवा त्याहून वर गेला होता आणि २०२४ मध्ये वर्षभरात असे ७० दिवस भरले. नागपूर-चंद्रपूरचा मे महिना ज्यांनी काढला आहे त्यांना हा आकडा नवा नाही. नवी असते ती रात्र. जुलै २०२३ मध्ये एका रात्री किमान तापमानच ९७ अंश, म्हणजे ३६ सेल्सिअस होते, कारण दिवसभर तापलेले डांबर आणि काँक्रीट रात्रभर उष्णता बाहेर टाकत राहते. त्या दिवसांत थंड पाण्याचा नळ सोडला तरी गरम पाणीच येते आणि बागेतल्या घसरगुंडीला हात लावून पाहिल्याशिवाय मुलाला वर चढू देता येत नाही. येथील अनेक शाळा जुलैच्या अखेरीस किंवा ऑगस्टच्या सुरुवातीलाच उघडतात, त्यामुळे शाळा किंवा बसथांबा चालत जाण्याच्या अंतरावर आहे असे जाहिरातीत लिहिले असले, तरी त्या वाटेवर एखादे झाड आहे का, हे स्वतः पाहावे. आईवडिलांना शक्यतो नोव्हेंबर ते मार्च या काळात बोलवावे. तेव्हाची हवा इतकी सुरेख असते की ते परत जायला तयार होणार नाहीत. (अ‍ॅरिझोनाचा बहुतांश भाग घड्याळ मागेपुढे करत नाही, त्यामुळे भारताशी साडेबारा तासांचा फरक बारा महिने कायम राहतो. फोनवर बोलणाऱ्यांना हे सुख वेगळेच.)

आता पाणी, कारण माझ्या मते निर्णय येथेच व्हावा. या खोऱ्याला मुख्यतः तीन ठिकाणांहून पाणी मिळते: सॉल्ट आणि व्हर्डे नद्यांवरील धरणांतून, ३३६ मैल लांबीच्या कालव्याने आणलेले कोलोरॅडो नदीचे, आणि जमिनीखालचे. कोलोरॅडोच्या वाटपात या कालव्याचा हक्क १९६८ च्या केंद्रीय कायद्यानेच कॅलिफोर्नियाच्या मागे ठेवला आहे, त्यामुळे टंचाई जाहीर झाली की कात्री आधी अ‍ॅरिझोनाला लागते आणि २०२२ पासून ती लागलीही आहे. भूजलाच्या बाबतीत १९८० च्या राज्य कायद्याने उपसा नियंत्रणाखाली आणला, आणि त्या चौकटीत येथे नवी वसाहत विकायची तर शंभर वर्षे पुरेल एवढे पाणी आहे हे दाखवावे लागते. चँडलर, मेसा, टेम्पी, स्कॉट्सडेल यांसारख्या शहरांना ही मान्यता संपूर्ण शहरापुरती मिळालेली आहे. कडेच्या बकाय, क्वीन क्रीक यांसारख्या गावांची वाढ मात्र दीर्घकाळ भूजलाच्या भरवशावर झाली, आणि जून २०२३ मध्ये राज्याने केवळ भूजलाच्या आधारे फिनिक्स परिसरात नव्या वसाहतींना दाखले देणे थांबवले. आधी दाखला मिळालेल्या वसाहतींना त्याची झळ बसली नाही. म्हणून आपल्याला दाखवलेल्या घराची वसाहत कोणत्या गटात मोडते, हा पहिला प्रश्न विचारावा आणि उत्तर एजंटच्या तोंडून नव्हे, कागदावर घ्यावे.

याहून मोठा धोका असतो तो कोणत्याही नगरपालिकेच्या हद्दीत नसलेल्या जागेचा. सहापेक्षा कमी भूखंड पाडले तर शंभर वर्षांची अट लागू होत नाही, आणि ही पळवाट वापरून बांधलेली घरे खोऱ्याच्या कडेला बरीच आहेत. स्कॉट्सडेलशेजारच्या रिओ वर्डे फूटहिल्स या वस्तीत शेकडो घरांना टँकरने पाणी येत असे. स्कॉट्सडेल शहराने १ जानेवारी २०२३ पासून आपले पाणी त्या टँकरना देणे बंद केले आणि लाखो डॉलरच्या घरांत राहणारी माणसे कागदी ताटल्या व पावसाचे साठवलेले पाणी वापरू लागली. डोंगराचा देखावा आणि मोकळी जमीन पाहून मन कितीही मोहात पडले, तरी लहान मुले असलेल्या कुटुंबाने अशा ठिकाणी घर घेऊ नये असे मी म्हणेन.

भूजलाच्या बेसुमार उपशाची आणखी एक खूण म्हणजे जमीन खचून पडलेल्या भेगा. क्वीन क्रीक आणि सॅन टॅन व्हॅलीच्या आसपास त्या आढळतात. राज्याच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने त्यांचे नकाशे तयार केले आहेत. घराचा पत्ता त्यांवर ताडून पाहायला फार वेळ लागत नाही.

सावलीच्या बाबतीत जुन्या वस्त्या सरळ सरळ उजव्या ठरतात. मध्य फिनिक्स, टेम्पी आणि मेसाच्या काही जुन्या भागांत आजही पाटाचे पाणी घरोघर मिळते: अंगणाभोवती बुटका वरंबा असतो, पाळी आली की झडप उघडायची आणि बघता बघता घोट्याएवढे पाणी हिरवळीवर पसरते. पाळी कधी कधी रात्री दोन वाजता येते, हा भाग वेगळा. पण त्या गल्ल्यांत शिरताच उन्हाची धग कमी झालेली जाणवते. कडेच्या नव्या वसाहतींत मात्र अंगणात खडी, दोन काटकुळी पालो वर्दे झाडे आणि चहूबाजूंनी तापणारी सिमेंटची भिंत, एवढेच असते. तेथेच घ्यायचे ठरले तर मोठ्या खिडक्या आणि मागचे अंगण पश्चिमेला असलेले घर टाळावे. जूनमधल्या एका संध्याकाळी पाच वाजता तेथे उभे राहिले की मी काय म्हणतो ते पटेल. दुर्दैवाने लोक घरे पाहतात फेब्रुवारीत.

एसी ही येथे चैन नाही. २०२३ मध्ये मॅरिकोपा काउंटीत, म्हणजे फिनिक्स ज्यात येते त्या जिल्ह्यात, उष्म्याने ६४५ मृत्यू झाले. त्यांतले घरात झालेले बहुतेक मृत्यू एसी नसलेल्या किंवा बंद असलेल्या घरांतले होते. वृद्ध माणसे घरात राहणार असतील तर एसीचे वय, छतातील इन्सुलेशन आणि आधीच्या मालकाची जून ते सप्टेंबरची वीजबिले पाहिल्याशिवाय सही करू नये. नव्या घरात बिले नसतात, तेव्हा शेजाऱ्यांकडे चौकशी करावी. संध्याकाळी वीज महाग होते, त्या तासांपूर्वीच घर गारठवून ठेवायची युक्ती येथे सगळेच वापरतात.

धुळीचे मोठे वादळ आले की तासाभरात निवळते, पण नव्याने खणल्या जाणाऱ्या जमिनीतील धुळीत व्हॅली फीव्हर या फुप्फुसाच्या आजाराची बुरशी असू शकते. आजूबाजूला वर्षानुवर्षे बांधकाम चालणार असेल आणि घरात कोणाला दम्याचा किंवा प्रतिकारशक्तीचा त्रास असेल, तर डॉक्टरांशी आधी बोलावे.

राहता राहिले अंतर. पश्चिमेच्या बकायकडून शहरात कामाला जाणाऱ्याच्या डोळ्यांवर सकाळी ऊन येते आणि संध्याकाळी परततानाही येते. पूर्वेकडून जाणाऱ्याच्या ते दोन्ही वेळा पाठीशी असते. आपले ऑफिस शहराच्या उत्तर टोकाला असेल तर गणित पुन्हा बदलते, म्हणून घराची यादी करण्याआधी ऑफिसचा पत्ता पक्का करून घ्यावा. आणि पहिले वर्ष, निदान एक पूर्ण उन्हाळा, त्याच भागात भाड्याने राहून काढता आला तर तसेच करावे.